भोये वकिलांचे बूट

कोर्टाच्या आवारात शिरले की माझी नजर आधी जाते ती दारांबाहेर काढून ठेवलेल्या चपलांकडे. आरोपीने आत जायचं तर पायातलं बाहेर काढायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. वकील बूट घालून आत, पोलीस बूट घालून आत, आणि आरोपी अनवाणी. मी वकिली सुरू केली तेव्हा रोज त्या चपला ओलांडून आत जायचे, पण कधी डोक्यात काही आलं नाही. काशिनाथ भोयेने ती गोष्ट दाखवली आणि आता ती डोळ्यांपुढून हटत नाही. मेल्याने कायमचं लावून दिलं मागे.

नव्वदचं दशक सरत आलं असेल. मी देवळाली कॅम्पहून बसने नाशिकच्या कोर्टात यायचे. वडील तोफखान्यात सुभेदार होते, त्यामुळे चढा आवाज आणि आखूड सहनशक्ती हे दोन्ही मला घरातूनच मिळालं. बाररूममध्ये टेबलं कमी, वकील जास्त, तरी माझं अर्धं टेबल रिकामं असायचं, कारण माझ्या तोंडापुढे तिथे कुणी टिकत नसे. एके दिवशी एक काळासावळा, रुंद खांद्यांचा माणूस तिथे येऊन उभा राहिला. नवा कोट, नवे काळे बूट, केस चप्प बसवलेले. मी म्हटलं, बसा की. तो बसला नाही.

"आधी सांगून घेतो ताई, मग बसवायचं का नाही ते तुम्ही ठरवा," तो म्हणाला. "मी जेलमध्ये होतो. केलं होतं म्हणून गेलो होतो."

आता आमच्या धंद्यात 'केलं होतं' हे शब्द कानावर पडतच नाहीत. आमचा प्रत्येक पक्षकार निर्दोष, प्रत्येकाला कुणीतरी गोवलेलं. मी त्याच्याकडे बघतच राहिले आणि मग माझी पर्स उचलून त्याला जागा करून दिली. बाररूममधल्या ज्येष्ठांनी त्या संध्याकाळी मला बाजूला घेऊन समजावलं की बाई माणसाने जरा बघून शेजार निवडावा. मी त्यांना जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्याची हकिकत त्याने मला तुकड्यातुकड्याने सांगितली. हरसूलजवळचा एक पाडा हे त्याचं गाव. नाशिकच्या वसतिगृहात राहून शिकत होता, सुट्टीला घरी गेला होता. आई हरसूलच्या बाजारात नागली विकायला बसायची आणि माल घ्यायचा बाबूशेठ नावाचा व्यापारी. मापावरून बोलाचाली झाली, शेठने आईचा हात तराजूवरून झटकला आणि तिला काहीतरी बोलला. काशिनाथने समोरचं लोखंडी वजन उचललं. शेठचा डावा डोळा गेला. शेठ नेमकं काय बोलला होता, हे काशिनाथने ना पोलिसांना सांगितलं, ना कोर्टाला, ना मला. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते की मग बरोबर केलंस, आणि ते त्याला ऐकायचं नव्हतं.

नाशिकरोडच्या जेलमध्ये त्याने शिक्षा पुरी केली, तिथेच मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली, बाहेर येऊन कायदा शिकला. सुटकेनंतर ठरावीक काळ गेला की शिक्षा झालेल्या माणसालाही वकिलीची सनद मिळू शकते, असं कायदाच म्हणतो. त्याने काही लपवलं नाही. सगळं सांगितलं, समोर उभा राहून प्रश्नांची उत्तरं दिली आणि सनद घेतली. पण एक गोष्ट तो जाणून होता आणि पहिल्याच आठवड्यात ती त्याने मला सांगून टाकली. "ताई, दुसऱ्यांदा हात उचलला तर कोट गेला. आणि कोट गेला तर मी कोण आहे हे मलापण माहीत नाय."

म्हणून तो हातांवर बसायचा. खरंच बसायचा. कुणी चढ्या आवाजात बोलायला लागलं, समोरचा वकील लागट बोलला, की काशिनाथचे दोन्ही पंजे मांड्यांखाली जायचे आणि तो एखाद्या शाळकरी पोरासारखा ताठ बसून ऐकायचा. सुरुवातीला मला हसू यायचं. मग एकदा वाद संपल्यावर त्याने हात बाहेर काढले तेव्हा बोटं पांढरी पडली होती, खुर्चीच्या वेताची नक्षी तळव्यावर उमटली होती. त्यानंतर मी हसले नाही.

बाकीच्या सवयीही होत्याच. दाराकडे पाठ करून तो कधी बसला नाही. डबा खाताना डावा हात डब्याभोवती घालून भराभर जेवायचा आणि मी बघतेय हे कळलं की ओशाळून हात मागे घ्यायचा. बाजूने साधा हवालदार गेला तरी हा उठून उभा. अरे, तो तुला सलाम करणार, तू का उठतोस, असं मी ओरडायचे. तो म्हणायचा, मी नाय उठत ताई, पाय उठतात.

पहिल्या दिवसाची गोष्ट तर अख्ख्या कोर्टाला पाठ होती. हा मॅजिस्ट्रेटसमोर आपल्या पहिल्या कामाची वाट बघत दाराशी उभा. योगायोगाने दुसऱ्याच एका खटल्यातल्या आरोपीचं नावही काशिनाथ. शिपाई विठोबाने दारात येऊन आपल्या खणखणीत आवाजात पुकारा केला, काशिनाथ अमुक तमुक हाजिर हो, आणि आमच्या या वकीलसाहेबांनी वाकून बूट काढले, भिंतीशी लावले आणि कोट आणि गळ्यातल्या बँडसकट थेट आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभे राहिले. मॅजिस्ट्रेट बघतात, त्यांच्यापुढे बसणारा रीडर बघतो, खरा आरोपी दारातून डोकावून बघतो. कोर्टात हशा पिकला. काशिनाथही हसला, माफी मागून बाहेर आला, बूट घातले. नंतर मला बाररूमच्या मागच्या बाजूला तो सापडला तेव्हा ओकून ओकून रिकामा झाला होता. मी त्याला पाणी दिलं. तो म्हणाला, आत पिंजऱ्याच्या लाकडाला हात लागला आणि बरं वाटलं, त्याची भीती वाटली. मला तेव्हा हे कळलं नाही.

तिथून त्याने त्या चपलांचा पिच्छा पुरवला. पेठ तालुक्यातला एक म्हातारा त्याचा पक्षकार होता, कुणाच्या तरी भांडणात नाव आलेला. विठोबाने त्याला नेहमीप्रमाणे चप्पल काढायला सांगितली. काशिनाथ म्हणाला, नियम दाखवा. विठोबा म्हणाला, नियम कशाला पाहिजे, असंच असतंय. काशिनाथ आत गेला आणि मॅजिस्ट्रेटना हात जोडून म्हणाला की आरोपीने अनवाणी यावं असं कुठल्या कायद्यात असेल तर मला दाखवावं, मी स्वतः त्याच्या चपला हातात घेऊन उभा राहतो. मॅजिस्ट्रेट बिचारे नवे होते, भले होते. त्यांनी रीडरकडे पाहिलं, रीडरने छताकडे. येऊ द्या तसंच, ते म्हणाले. म्हातारा तुटक्या स्लीपर फटफटवत पिंजऱ्यात गेला आणि त्या कोर्टात तरी ती रीत मोडली.

संध्याकाळी मी त्याची थट्टा केली, म्हटलं, क्रांती केलीस हो, आता स्लीपरचं दुकान टाक. तो हसला नाही. "चप्पल काढली की माणूस अर्धा कबूल होतो, ताई," तो म्हणाला. "उरलेला अर्धा कुणी ऐकत नाय."

वकील म्हणून तो फार हुशार नव्हता, उगाच कशाला खोटं सांगू. इंग्रजी कच्चं, युक्तिवाद लांबट. पण साक्षीदाराला तयार करताना त्याच्यासारखा माणूस मी पाहिला नाही. आम्ही सगळे साक्षीदाराला थोडं थोडं पढवतो, कोण नाही म्हणेल. हा मात्र एकच वाक्य घोकून घ्यायचा, डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगा, त्याच्या पुढचं मन सांगतं. या हट्टापायी त्याने हातातल्या केसेस घालवल्या. तरी हरसूल, पेठकडची माणसं त्याच्याकडेच यायची, कारण तो त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलायचा आणि भेट झाली की आधी जेवलात का विचारायचा. दहा-बारा वर्षांत त्याचा जम बसला. बाररूममधले तेच ज्येष्ठ आता त्याला काशिनाथराव म्हणू लागले आणि मी त्यांना आठवण करून द्यायची संधी सोडत नसे.

आणि मग बाबूशेठ आला.

शेठच्या मुलाने इंदिरानगरला बंगला बांधला होता आणि हरसूलचं दुकान दुसऱ्याच्या हवाली करून म्हातारा शहरात राहायला आला. एके दिवशी कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखालच्या बाकावर पांढरं धोतर, काळा चष्मा आणि काठी घेऊन तो बसलेला दिसला. काशिनाथ माझ्याबरोबर चालत होता. तो थांबला, जवळ गेला, वाकून नमस्कार केला. शेठने मान हलवली नाही, हात उचलला नाही. फक्त तोंड त्याच्या दिशेला वळवलं. दुसऱ्या दिवशी शेठ पुन्हा तिथेच. तिसऱ्याही दिवशी. सकाळी रिक्षाने यायचा, कोर्ट सुटलं की जायचा. काम काही नाही, तारीख नाही, कुणाशी बोलणं नाही.

मी म्हटलं, पोलिसांना सांगू या. काशिनाथ म्हणाला, काय सांगणार? बाकावर बसतो म्हणून? बसू द्या, त्यांचा हक्क आहे. आणि खरं सांगायचं तर मलाही शेठचा राग करता येत नव्हता. डोळा त्याचा गेला होता. ज्याने घेतला तो काळा कोट घालून हिंडतोय, लोक त्याला साहेब म्हणताहेत, हे बघून त्या माणसाला काय वाटत असेल? मला समजत होतं, आणि तरी त्या बाकाजवळून जाताना माझे पाय आपोआप भरभर पडायचे.

हळूहळू तो बाक सोडून पुढे आला. आधी व्हरांड्यात, मग बाररूमच्या दारासमोर, मग कोर्टातल्या शेवटच्या बाकावर. काशिनाथ युक्तिवादाला उभा राहिला की मागे काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज यायचा. बाहेर जिन्यावर गाठ पडली की शेठ त्याला चिकटून उभा राहायचा, अंगावर चहा सांडायचा, काठीने बूट दाबायचा. एक शब्द बोलायचा नाही. काशिनाथचे हात आता जवळजवळ कायम मांड्यांखाली असायचे, इतके की त्याने टिपणं लिहिणं सोडलं. तोंडात बोलता बोलता गावची बोली यायला लागली. डबा तसाच घरी न्यायचा. एकदा कॅम्पच्या बाजूला तोफांचा सराव चालू होता आणि बाररूमच्या काचा थरथरल्या तेव्हा मी सवयीने काही मान वर केली नाही, पण हा टेबलाला गच्च धरून बसला होता.

"ते मला मारणार नाय," तो म्हणाला. "मी मारायची वाट बघतायत."

मीच मग हट्ट धरला की एकदा त्यांच्या घरी जाऊन रीतसर माफी माग. काशिनाथ म्हणाला, पत्रातून मागितली होती, जेलमधून. समोर जाऊन माग, मी म्हटलं, आणि त्याच्याबरोबर इंदिरानगरला गेले. शेठने आम्हाला बसवलं, सुनेला पाणी आणायला सांगितलं. काशिनाथने गुडघ्यांवर बसून, हात जोडून, जे बोलायचं ते बोलून टाकलं. तो रडला. शेठने ऐकून घेतलं, चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला आणि मुद्दामच लगेच लावला नाही. ती जागा मी पाहिली. कातडी ओढून शिवल्यासारखी.

"माफी मागितली ते लय बरं केलं," शेठ शांतपणे म्हणाला. "द्यायची का नाय ते मी बघन. मला घाई नाय. एका डोळ्याने बघायला वेळ लागतो."

परतताना रिक्षातही काशिनाथ हातांवर बसून होता.

त्याच वर्षी त्याची आई गेली. दहावं-बारावं आटोपून तो कोर्टात आला, डोकं भादरलेलं, कोट अंगावर ढगळ झालेला. दुपारच्या सुट्टीनंतरची वेळ. मी खालून जिना चढत होते, हातात फायली. वर जिन्याच्या तोंडाशी काशिनाथ उभा होता आणि शेठ त्याच्या जवळ, अगदी कानाशी. शेठचे ओठ हलले. इतक्या महिन्यांत त्याला कोर्टात बोलताना मी पहिल्यांदाच पाहिलं. वाक्य एकच असावं. काय ते मला ऐकू आलं नाही, पण काशिनाथचा चेहरा मी पाहिला आणि मला वाटलं, हे तेच वाक्य आहे, बाजारातलं. मग काशिनाथचा उजवा हात वर गेला. मग शेठ माझ्या बाजूने गडगडत खाली गेला.

खुबा मोडला म्हाताऱ्याचा. पोलीस आले, जबाब झाले, गुन्हा नोंदला गेला. जिन्यावर माणसं होती, पण सगळ्यांनी पाहिलं ते नंतरचं. आधीचं पाहिलेली मी एकटी. आणि मी त्याच क्षणापासून ज्याला त्याला ठणकावून सांगायला लागले की शेठचा तोल गेला, डाव्या बाजूची पायरी त्याला दिसत नाही, काशिनाथने त्याला सावरायला हात पुढे केला. मला ते खरंच वाटत होतं. इतकी वर्षं हातांवर बसलेला माणूस, तो मारेल कसा? बाररूममध्ये मी टेबलावर हात आपटून बोलले. काशिनाथचं वकीलपत्र एका ज्येष्ठाने आपणहून घेतलं, बचावाची साक्षीदार म्हणून मी उभी राहणार हे ठरलं. माझ्या उलटतपासात कुणाची काय बिशाद आहे, असंही मी म्हणाले.

काशिनाथ ऐकत होता. त्याचे हात टेबलावर होते, बाहेर, मोकळे. त्या दिवसानंतर ते मी मांड्यांखाली पाहिले नाहीत आणि मला, खुळीला, त्याचा आनंद झाला होता. मी त्याला विचारलं, "तू सावरायलाच गेला होतास ना?"

"ताई, तुम्ही काय पाहिलं?"

"हात पाहिला."

"मग तेवढंच सांगा," तो म्हणाला.

मी त्याच्यावर चिडले. म्हटलं, तुझी तत्त्वं गेली चुलीत, इथे सनद जायची वेळ आली आहे, जुनी शिक्षा पुढे काढतील, गप्प बस आणि मला माझं काम करू दे. तो गप्प बसला. मला वाटलं, ऐकलं माझं.

आरोप वाचून दाखवायची तारीख लागली ती त्याच मॅजिस्ट्रेट कोर्टात. साहेब बदलून गेले होते, विठोबा मात्र तोच, आता निवृत्तीला आलेला. मी व्हरांड्यात उभी होते. शेठला चाकाच्या खुर्चीवरून आणून दाराच्या एका बाजूला ठेवलं होतं, मांडीवर काठी. विठोबाने पुकारा केला, पण त्या दिवशी त्याचा आवाज नेहमीसारखा निघाला नाही. काशिनाथ पुढे आला. पांढरा सदरा, कोट नाही, बँड नाही. पायात तेच काळे बूट, पॉलिश केलेले. दाराशी येऊन तो थांबला आणि खाली वाकला.

विठोबा घाईने म्हणाला, "राहू द्या साहेब. तुम्हीच तर बंद केलंय ते."

काशिनाथने नाडी सोडली. एक बूट काढला, मग दुसरा. मोजे काढून घडी करून आत घातले, दोन्ही बूट उचलून भिंतीशी नीट लावले. पहिल्या दिवशी लावले होते तिथेच. त्या दिवशी चुकून लावले होते. उठताना त्याने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, दुःखाने नाही, एखादा माणूस घरी जायला निघताना पाहतो तसं. मला इतका संताप आला की त्या बुटांना लाथ मारावीशी वाटली. आणि मग तो संतापही निघून गेला, कारण मला कळलं होतं, तो हात सावरायला वर गेला नव्हता आणि हे तो आत जाऊन सांगणार होता. मी शेठकडे पाहिलं. त्याने चष्मा काढला होता आणि तो त्या बुटांकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर समाधान असेल असं मला वाटलं होतं. तसं काही नव्हतं. तो नुसता म्हातारा दिसत होता.

काशिनाथ अनवाणी आत गेला. दोन्ही हात बाजूंना सैल सोडलेले. पिंजऱ्याच्या लाकडावर त्याने तळवे टेकले, आणि आतून साहेबांचा आवाज आला, आरोप समजला का, गुन्हा कबूल आहे का.

मी उत्तर ऐकायला थांबले नाही. कठड्याला धरून जिना उतरले आणि बस स्टँडकडे चालू लागले.